पाण्याची घार

घार दिसली की आधी शेपूट बघायचं. हे आता मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आपल्या गावात मटणाच्या दुकानावर, बाजार उठल्यावर उकिरड्यावर घिरट्या घालते ना, त्या घारीच्या शेपटीला मधोमध खाच असते, माशाच्या शेपटीला असते तशी, आणि आज जिच्याबद्दल लिहायला बसलेय त्या ब्राह्मणी घारीची शेपटी पंखा उघडावा तशी गोल. एवढा एक फरक माहीत नव्हता म्हणून मी दोन महिने रोज तिच्यासमोरून गेले आणि तिला ओळखलं नाही.

मी दोंडाईचाला राहते आणि शाळा तापीच्या पलीकडे, त्यामुळे सारंगखेड्याचा पूल दिवसातून दोनदा. सकाळी घाई असते, पण येताना स्कूटी बाजूला लावून पाच-दहा मिनिटं खाली काठावर उतरते आणि पाणी बघते, सवयच झालीय. लहानपणी मामाकडे यायचो तेव्हा उन्हाळ्यात इथे नुसती वाळू असायची, वाळूत टरबुजाच्या वाड्या, मधून एक बारीक धार वाहायची आणि आम्ही ती चालत ओलांडायचो. आता सारंगखेड्याला आणि खाली प्रकाशा गावाला बॅरेज झालेत, पाणी अडतं, मार्चमधेही काठोकाठ दिसतं. टरबूज गेले, काठावर पपई आणि केळीच्या बागा आल्या, आणि पाण्यावर पक्षी आले. वारकरी, पाणकावळे, बगळे, थंडीत चक्रवाक. ते मी बघत होतेच. घारीकडे मात्र कोण बघतं, घार ती घार.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोकणात गेलो. आमच्याकडून दापोली म्हणजे एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस, मुलं कंटाळून गेली होती, पण हर्णैच्या बंदरावर पोचलो तेव्हा मासळीचा लिलाव चालू होता आणि सगळा शीण गेला. वाळूवर टोपल्या मांडलेल्या, बायका मोठमोठ्याने बोली लावतायत, बैलगाडीतून माल निघालाय, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आणि या सगळ्याच्या डोक्यावर पंधरा-वीस घारी. मी वर बघितलं आणि बघतच राहिले. डोकं, मान, छाती दुधासारखी पांढरी आणि बाकी सगळं अंग विटकरी, म्हणजे आपण घराला गेरू देतो ना तो रंग, आणि पंखांची टोकं काळी. ऊन तिरपं होतं त्यामुळे तो विटकरी रंग आतून पेटल्यासारखा दिसत होता.

ही ब्राह्मणी घार.

मला वाटलं होतं शिकारी पक्षी म्हणजे सूर मारणार, झडप घालणार. हिने तसलं काही केलं नाही. एका होडीतल्या माणसाने जाळं झटकून बारीकसारीक मासळी पाण्यात टाकली, ती पाण्यावर तरंगत होती, तर ही घार सावकाश खाली आली, पंख जवळजवळ न हलवता, पाण्याला अंग लागू न देता फक्त पाय खाली सोडला आणि एक मासा उचलून घेतला, आपण ताटातून लोणच्याची फोड उचलतो इतक्या सहज. मग वर गेली आणि उडता उडताच पाय पुढे घेऊन चोचीजवळ आणला, मान वाकवून एक तुकडा तोडला, परत पाय मागे, परत पुढे. कुठे बसली नाही, थांबली नाही, हवेतच जेवण उरकलं. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला होता, तो घरी आल्यावर हळू करून किती वेळा बघितला असेल. माशाचं डोकं मात्र तिने टाकून दिलं, ते खाली कावळ्याने उचललं.

आता कुणी म्हणेल मेलेले मासे खाणारा पक्षी, त्यात काय एवढं. माझ्या मुलाचंही तोंड जरा उतरलं होतं, त्याला गरुड बघायचा होता, पुस्तकात असतो तसला. तो त्याला दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याला दिसला. कड्यावरच्या गणपतीला गेलो होतो, वरून समुद्र दिसतो, तर आमच्या डोळ्यांच्या उंचीवरून एक प्रचंड पक्षी गेला, खालून पांढराशुभ्र, वरून राखाडी, शेपूट आखूड पाचरीसारखी आणि पंख वर उचलून धरलेले इंग्रजी व्ही अक्षरासारखे. पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. याचे पंख पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या आसपास भरतात, वजन दोन ते चार किलोपर्यंत, आणि हा समुद्री साप सुद्धा उचलून नेतो. जोडी जन्मभर टिकते, घरटं वर्षानुवर्षं तेच, दरवर्षी त्यात काटक्यांची भर पडत जाते आणि शेवटी ते खाटेएवढं होतं. आपल्या देशात पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या आसपासपासून खाली दक्षिणेत तो आहे, पण किनारा सोडून आत यायचं नाव फारसं घेत नाही. त्याच्यापुढे ब्राह्मणी घार म्हणजे लहानखुरी, चोचीपासून शेपटीपर्यंत दीड फूट, पंख पसरले तर सव्वा मीटरच्या आत, आणि वजन अर्धा किलोच्या आसपास. आपल्या गावातल्या घारीपेक्षाही अंगाने बारीक.

मुलगा गरुडावर खूश, आणि माझ्या मनात मात्र घारच राहिली. तिचं ते सावकाश येणं, उचलणं. कुणाचं हिसकावून नाही घेतलं (ते ही करते बरं का, बगळ्यांच्या, पाणकावळ्यांच्या मागे लागून त्यांच्या तोंडातला मासा पाडायला लावते, हे मी नंतर बघितलं), पण त्या दिवशी बंदरावर जे सांडलं, उरलं, कुजायला लागलं असतं ते ती आणि तिच्या बहिणी साफ करत होत्या. लिलाव संपला तेव्हा अर्धी वाळू रिकामी झाली होती.

परत आले आणि मनाशी पक्कं करून टाकलं की हा समुद्राचा पक्षी, आपल्या नशिबात नाही. आणि तसं वाटायला कारणही होतं, जिथे वाचावं तिथे किनारा, खाडी, खारफुटी, बंदर हेच शब्द. शास्त्रीय नाव हॅलिॲस्टर इंडस, त्यातल्या पहिल्या शब्दात ग्रीक भाषेतला समुद्र आहे. 1760 मधे ब्रिसाँ नावाच्या फ्रेंच माणसाने तिचं वर्णन केलं ते सुद्धा पाँडिचेरीचा गरुड म्हणून, आणि 1783 मधे बोडार्टने तिला आजचं इंडस हे नाव दिलं, म्हणजे हिंदुस्थानची. भारत-श्रीलंकेपासून पूर्वेला इंडोनेशिया आणि पार ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यापर्यंत ती आहे. जाकार्ता शहराचं मानचिन्ह हीच घार आहे, पायात सलाक नावाचं फळ धरलेली. मलेशियातल्या लंकावी बेटाचं नावही हिच्यावरूनच पडलं असं तिथले लोक सांगतात, बंदरावर मोठा पुतळा उभा केलाय. एवढं सगळं वाचलं, आणि कुठेही मला "तापी" सापडलं नाही, मग मी शोधणं सोडून दिलं.

जानेवारीत, संक्रांतीच्या नंतरची गोष्ट. शाळेतून येताना पुलाखाली थांबले होते, वारा होता, पाण्यावर लाटा. पाण्यात एक जुना लाकडी खांब रोवलेला आहे, होड्या बांधायला असावा, त्याच्यावर नेहमी एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला असतो. त्या दिवशी त्याच्या जागी गेरूचा रंग बसला होता. मान पांढरी. मी दुर्बीण काढेपर्यंत हात थरथरत होता, खरं सांगते. तिने मान वळवली, माझ्याकडे बघितलं की नाही माहीत नाही, पण मला ते बघितल्यासारखंच वाटलं, मग एक बारीक, नाकातून काढल्यासारखा आवाज केला, मांजराचं पिल्लू भुकेलं झाल्यावर करतं तसा, आणि उडून पपईच्या बागेवरून खाली प्रकाशा गावाच्या दिशेने गेली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममधे सांगितलं तर आमचे गुरुजी म्हणाले मॅडम, ती घारच असेल, उन्हात लाल दिसते. फोटो नव्हता. मी गप्प बसले, पण त्या दिवसापासून मी रोज थांबायला लागले, पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, घरी उशीर व्हायला लागला. आणि ती मला फेब्रुवारी अर्धा होईपर्यंत परत दिसली नाही. एक साधी तपकिरी घार मात्र जवळजवळ रोज दिसायची, ती त्या खांबाच्या आजूबाजूला घिरट्या घालायची, काठावरच्या कचऱ्यात चोच मारायची, आणि मी तिच्या वरून, बाजूने, पलीकडे बघत बसायचे, कधी ती लाल येतेय म्हणून.

काठावर एक नाना असतात, भोई, साठीच्या पुढचे, होडी आणि चार-पाच जाळी. आधी ते नुसते बघायचे. एक दिवस म्हणाले, "काय देखी राहिनात ताई?" मी म्हटलं, नाना, लाल घार. ते लगेच म्हणाले, "पानीनी घार? ती तं शे ना आठे." म्हणजे पाण्याची घार ना, ती तर आहे इथे. मी विचारलं तुम्हाला माहीत आहे? तर म्हणाले, "मी धाकला व्हतू तवयपासून देखी राहिनू." म्हणजे मी लहान होतो तेव्हापासून बघतोय. पन्नास वर्षं. मी जिला पुस्तकात आणि समुद्रावर शोधत होते तिला या माणसाने स्वतःचं नाव देऊन ठेवलंय, गावाची घार वेगळी आणि पाण्याची घार वेगळी, आणि त्यांना ते कधी कुणी विचारलंच नव्हतं. मी सुद्धा तीन वर्षं त्यांच्यासमोर स्कूटी लावत होते, रामराम करत होते आणि विचारलं नव्हतं.

मग तो जाळ्याचा दिवस.

शनिवार होता, सकाळची शाळा, साडेअकराला मी काठावर. नानांनी नायलॉनचं जाळं काठ्यांवर वाळत घातलेलं आणि स्वतः पलीकडे झाडाखाली भाकरी खात बसलेले. जाळ्यात बारीक चिलापी अडकून राहिली होती, ती काढायची राहून गेलेली. मी येतेय तोच फडफड ऐकू आली. ती तपकिरी घार, रोजचीच, मासा घ्यायला आली आणि पाय जाळ्यात गेला. ओढली तसा फास आवळला, मग दुसरा पाय गेला, मग पंखाचं टोक. एवढीशी घार, पण सगळं जाळं काठ्यांसकट हलत होतं.

नाना धावत आले, खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्याकडे फेकला, "तिनं डोकं झाका ताई." मी आयुष्यात कधी शिकारी पक्ष्याला हात लावलेला नाही. पण डोक्यावर टॉवेल पडला आणि ती एकदम शांत झाली, म्हणजे अंग शांत, आत काळीज मात्र असं धडधडत होतं की ते टॉवेलमधून माझ्या तळहाताला कळत होतं. अंग गरम. वजन अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढं, मला एवढं हलकं असेल असं वाटलंच नव्हतं, पिसांमुळे ती मोठी दिसते. पाय फिकट पिवळे, नख्या काळ्या, बाकदार, आणि एका बोटात नायलॉनचा दोरा कातडीत रुतलेला, रक्त आलेलं. वास माशाचा.

नाना आधी दोरा सोडवत होते, गाठ सुटेना, ती परत पाय ओढायला लागली. मग त्यांनी कमरेची सुरी काढली आणि जाळंच कापलं. एक फास, दोन, तीन, नंतर मोजले तर वितभर भोक पडलं होतं. मी म्हटलं नाना, जाळं. ते म्हणाले, "जाळं परत इनी लेसू, तिना पाय कोठेन लयसू?"

जाळं परत विणून घेईन, तिचा पाय कुठून आणू.

तिला उलटं करून पंख मोकळा करताना शेपटी माझ्या समोर उघडली आणि तेव्हा मला दिसलं. खाच नाही. गोल. माझ्या तोंडून मोठ्याने निघालं नाना ही आपली घार नाहीये, तर नाना हसत म्हणाले, "मी काय सांगू राहिनू मंग? हाई पानीनी घारनं पिलू शे."

म्हणजे असं असतं. ब्राह्मणी घारीचं पिल्लू जन्मतः लाल-पांढरं नसतं. ते तपकिरी असतं, डोकं-मान जरा फिकट, त्यावर बारीक रेषा, आणि लांबून गावातल्या घारीसारखंच दिसतं. दुसऱ्या वर्षी मान फिकट पांढुरकी व्हायला लागते आणि तिसऱ्या वर्षी कुठे तो पूर्ण गेरू आणि पूर्ण दूध येतं. मी लाल रंग शोधत होते आणि ती समोर तपकिरी रंगात बसली होती, रोज, दोन महिने.

टॉवेल काढला तशी ती दोन क्षण तशीच बसली, डोळे तपकिरी, मोठे, मग उडाली आणि सरळ त्या खांबावर जाऊन बसली. लांब गेली नाही. पाय चोचीने साफ करत राहिली. नाना भाकरीकडे परत गेले.

त्यानंतर मी तिच्या सवयी लिहून ठेवायला लागले, एक जुनी शाळेची वही आहे तिच्यात. त्यातल्या काही सांगते.

ती खेळते. हे मला सगळ्यात आवडलं. एकदा उंबराचं वाळलेलं पान पायात धरून वर गेली, सोडून दिलं, पान गिरक्या घेत खाली यायला लागलं आणि तिने मागे सूर मारून ते परत पकडलं. परत वर, परत सोडलं. चार वेळा केलं, पाचव्यांदा पान वाऱ्याने पाण्यावर गेलं तेव्हा सोडून दिलं. तरुण घारी असं करतात हे पक्षी बघणाऱ्यांनी आधीपासून नोंदवून ठेवलंय, पकडायचा सरावच तो. वर्गात मुलांना सांगितलं तर दुसऱ्या दिवशी अख्खा चौथीचा वर्ग वडाची पानं वर फेकून पकडत होता.

ती पाण्यात पडली तरी बुडत नाही. एकदा माशाच्या मागे जरा जास्तच खाली गेली आणि पोट पाण्याला लागलं, मी घाबरले, पण ती पंखांनी वल्हवत थोडी पुढे गेली आणि उठली. तिच्या उलट ऑस्प्रे नावाचा शिकारी पक्षी, जो थंडीत पाहुणा येतो आपल्याकडे तापीवर आणि धरणांवर, तो पाय पुढे करून दगडासारखा पाण्यात घुसतोच, कधी कधी पूर्ण आत जातो, कारण त्याला जिवंत मासा लागतो, दुसरं काही तो जवळपास खातच नाही. त्याचं बाहेरचं बोट मागे वळतं, तळव्याला खरखरीत काटे असतात, निसटता मासा धरायला सगळी तयारी आहे. आणि मासा नेताना तोंड पुढे, शेपूट मागे असा धरून नेतो म्हणजे वारा कमी लागतो. बघायला थरारक आहे, खोटं कशाला बोलू. पण तो मार्चमधे निघून जातो आणि पाण्याची घार राहते. तिला मेलेला मासा चालतो, खेकडा चालतो, बेडूक, उंदीर, पावसाळ्याच्या तोंडाला उडणारी वाळवी सुद्धा. जे मिळेल ते. मला तर वाटतं म्हणूनच ती समुद्रापासून इतक्या आत, आपल्या नदीवर टिकून राहू शकते. तापी मुलताईला उगम पावून 724 किलोमीटर वाहत सुरतजवळ डुमसला समुद्राला मिळते, म्हणजे एका अर्थाने आपला पूल आणि समुद्र एकाच पाण्यावर आहेत, हा विचार माझ्या डोक्यात आला आणि मी शाळेच्या नकाशावर बोट फिरवून बघितलं. मुलांनाही बघायला लावलं.

घरट्याबद्दल थोडंच लिहिते. मार्चच्या सुरुवातीला नानांनी दाखवलं. झाड कोणतं, कुठल्या बाजूला, हे इथे लिहिणार नाही आणि कृपया कमेंटमधे विचारू नका, फोटोही टाकलेला नाही. आपल्याकडे डिसेंबर ते एप्रिल हा तिचा विणीचा काळ. पाण्याजवळचं उंच झाड लागतं, किनाऱ्यावर खारफुटी किंवा माड, आपल्याकडे वड, पिंपळ, आंबा, चिंच. काटक्यांचं घरटं, मधे वाटीसारखा खोलगट भाग, त्यात पाला. अंडी साधारण दोन, मळकट पांढरी. घरटं दोघं मिळून बांधतात, पिल्लांना दोघं भरवतात, उबवण्याचं काम मात्र मादीकडे, 26-27 दिवस. आणि एकदा जागा पसंत पडली की वर्षानुवर्षं त्याच भागात परत येतात.

हे शेवटचं वाक्य लिहिताना मला त्रास होतो. कारण नाना म्हणतात आधी ते घरटं वेगळ्या झाडावर असायचं, रस्त्याच्या कडेची जुनी चिंच, मी पण ती बघितलेली आहे, मोठ्ठी, दोन माणसांच्या कवेत न येणारी. रस्ता रुंद करताना ती तोडली. एका दुपारीच. मी त्या दिवशी तिथूनच गेले होते, करवतीचा आवाज ऐकला होता आणि रस्ता चांगला होतोय म्हणून मनात बरंच वाटलं होतं. त्या वर्षी जोडी दोन महिने त्या मोकळ्या जागेवर फिरत होती म्हणे. आता जे झाड आहे ते त्याच्या अर्ध्या उंचीचं आहे. रस्त्याला माझा विरोध नाही, मीच त्यावरून जाते रोज, पण त्या चिंचेला वळसा घालायला जागा होती, पलीकडे पडीक जमीन होती, आणि विचारणारं कुणी नव्हतं. मी विचारायला हवं होतं. आता ग्रामसभेत मी आणि आमच्या दोन शिक्षिका, आम्ही काठावरच्या उरलेल्या मोठ्या झाडांची यादी दिलीय, सव्वीस झाडं आहेत, लिहून घेतलीय त्यांनी.

आणि मांजा. आपल्या खान्देशात, गुजरात जवळ म्हणून, संक्रांतीला पतंगांचं वेड किती आहे ते सांगायला नको, मला स्वतःला पतंग आवडतो. पण त्याच संक्रांतीच्या सुमारास केरळात पंदळमहून शबरीमलेच्या अय्यप्पा देवाचे दागिने निघतात तेव्हा लोक आभाळाकडे डोळे लावून उभे असतात, वर ही घार घिरट्या घालताना दिसली की देव आला म्हणून हात जोडतात. तिकडे तिला कृष्णाचं नाव आहे, कृष्णपरुंत, आणि विष्णूचा गरुड तो हाच असं मानतात. उत्तरेत क्षेमकरी म्हणतात, क्षेम करणारी. आणि आपल्याकडे त्याच दिवसांत आभाळात नायलॉन. 2017 पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी आहे त्याच्यावर, तरी दुकानात मागच्या बाजूने मिळतो. जाळ्यात अडकलेल्या पक्ष्याला सोडवायला नाना होते, पण मांजा पिंपळाच्या शेंड्यावर अडकतो आणि पक्षी तिथेच लटकत राहतो, तिथे कुणाचा हात पोचत नाही. या वर्षी आमच्या शाळेने संक्रांतीनंतर एक दिवस फक्त मांजा गोळा केला, मुलांनी पाच पिशव्या भरून आणल्या, एका मुलाने तर बांबूला आकडा लावून झाडांवरचा काढला. साधा सुती दोरा वापरा, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे, पतंग त्यानेही उडतो, आमच्या लहानपणी उडायचाच.

तुम्हाला बघायची असेल तर तापीवर, धरणांच्या काठी, जुन्या तळ्यांवर बघा, आणि तपकिरी घार दिसली तरी शेपूट बघा. काठावर कुणी मासे धरणारं असेल तर आधी त्यांना विचारा.

परवाचं सांगते आणि थांबते. खांबावर एक बसली होती. अंग तपकिरी पण त्यात मधून मधून गेरू उतरायला लागलेला, आणि डोकं, भिंतीला चुन्याचा पहिला हात दिल्यावर दिसते ना तसं, पांढरं पण खालचा रंग अजून दिसतोय असं. वर्ष होत आलं त्या जाळ्याच्या गोष्टीला. पायावर खूण दिसते का म्हणून मी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं, काही दिसलं नाही, त्यामुळे तीच का दुसरी हे मला सांगता येणार नाही. नानांना विचारलं. ते जाळं वाळत घालायच्या तयारीत होते. आता ते आधी सगळं जाळं झटकतात, अडकलेली बारीक मासळी एक एक करून काढतात आणि पाण्यातल्या चपट्या खडकावर टाकतात, मगच जाळं काठीवर चढवतात. वितभर भोक होतं तिथे वेगळ्या रंगाचा दोरा आहे, हिरवा.

खांबाकडे न बघताच म्हणाले, "तीच शे."